पोवळ्यांच्या गावाला

विहिरीत माणूस पालथा तरंगत होता!

सुप्रिया मोटार चालू करायला आली होती. एप्रिलचं ऊन, मळ्यात चिटपाखरू नाही. "अहो! कोण हाय?" म्हणून तिनं हाका मारल्या. माणूस हलेना. मग तिनं ओढणी कमरेला कसली आणि काठावरून धाडकन उडी टाकली. लहानपणापासून याच विहिरीत पोहलेली ती. बघता बघता त्याच्यापाशी पोचली आणि केस धरून त्याला असं ओढलं, की तो कळवळून ओरडला,

"अगं आई गं! सोडा की केस!"

"तुमी... जिवंत हाय?"

"आत्तापर्यंत तरी व्हतो!"

त्याच्या डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा होता, दातांतून सुटलेली श्वास घ्यायची वाकडी नळी गालावर लोंबत होती. पायरीवर बसून खोकता खोकता तो हसत होता. हा हनुमंत, राघू धनगराचा थोरला. राघूकाकाच्या मेंढ्या दर उन्हाळ्यात खतासाठी तिच्या वडलांच्या, हौशीरामांच्या रानात बसायच्या. पोरगा शिकून समुद्रावर नोकरीला आहे, एवढं तिच्या कानावर होतं.

"सुट्टीवर आलोय. चष्मा नवा हाय, गळतो का बघत व्हतो," तो म्हणाला.

"अन् गळला असता तर?"

"तर काय... बुडाल्यावर कोण धावत येतं, ते तरी कळलं."

तिनं मान फिरवली. कानशिलं तापली होती... उन्हानं, दुसरं काय!

त्या दिवसापासून मोटारीला भारीच देखरेख लागू लागली. सुप्रिया रोज दुपारी विहिरीवर! एकदा त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा अगदी हळू ओढला — आणि तिनं पाण्यात डोकं घातलं. कपारीतला खेकडा, चांदीच्या टिकल्यांसारखी मासोळी... वर येऊन ती ओरडलीच, "अहो, ही आमचीच विहीर हाय का?"

"समुद्र बघितलास तर काय करशील!" तो म्हणाला. मग नुसताच पाण्याकडं बघू लागला.

"काय झालं?"

"मागच्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचा समुद्र तापला, सुप्रिया. अंघोळीच्या पाण्यासारखा. पोवळ्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं, तेच खाऊ घालतं. पाणी तापलं, की पोवळी त्यालाच बाहेर काढतात. मग पांढरीफटक पडतात, उपाशी मरतात. जिथं माशांची झुंबड असायची, तिथं मी एकटाच पोहत व्हतो. चष्म्याच्या आत रडलोय मी."

तिनं प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती. पोवळी जिवंत असतात, हे तिला ठाऊक होतं. पण ती मरताना पाहिलेला माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला.

"पण समुद्र तापतो कशानं?"

"धुराड्यांनी, गाड्यांनी जगच तापत चाललंय. त्यातली बरीचशी उष्णता समुद्र पोटात घेतो. मागच्या साली तर कहरच झाला."

"मग उरलंय काय तिथं?"

"तेच शोधायचंय. दिवाळीनंतर आमच्या खात्याची पाहणी हाय. पोहणारी, शिकलेली माणसं पाहिजेत. पण मुली कुणी अर्जच करीत न्हाईत."

"मी करते!" असं ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

संध्याकाळी जेवताना तिनं हनुमंतबरोबर पाहणीला जायचं घरात सांगून टाकलं. हौशीरामांचा घास हातातच राहिला.

"राघूच्या पोराबरं? लोक काय म्हणत्याल? आपल्या रानात मेंढरं बसवत्यात ती!"

"आबा, त्यांच्या मेंढ्यांचं खत आपल्या उसाला चालतं, अन् त्यांचं पोरगं आपल्याला चालत न्हाई?"

तिच्या आईनं, साळुबाईनं, पदर तोंडाला लावला. "बाई गं! मी तर नोकरीचं चाललंय समजत व्हते!"

सुप्रिया लाजून मोरीकडं पळाली. हौशीराम ताटावरून उठले ते आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी एकदाचे म्हणाले, "कामाला जा. बाकीचं नाव काढायचं नाय."

अर्ज मंजूर झाला आणि डिसेंबरात ती हनुमंतच्या तुकडीबरोबर लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटालगत समुद्रात उतरली. खाली नजर जाईल तिथवर करडी, मेलेली पोवळी, शेवाळानं माखलेली. विहिरीवर ऐकलेलं आता डोळ्यांसमोर होतं. तरीही ती कपार न् कपार बघत राहिली. एका खडकाच्या आडोशाला, सावलीत... गुलाबी काहीतरी! नखाएवढं. शेजारी आणखी एक. तिनं हनुमंतचा हात गच्च धरून त्याला तिकडं ओढलं. मग दोघंही एकदम पाण्याबाहेर आले.

"नवीन हाय! जिवंत हाय! अरे हनुमंत, बघितलंस का तू? अजून असतील, त्या बाजूला चल..."

तिनं त्याला 'अरे' म्हटलं होतं. तो नुसता बघत राहिला.

"असा काय बघतोस?"

"मला तू पाहिजेस, सुप्रिया. कायमची."

नावेतला नावाडी मुद्दाम दुसरीकडं बघू लागला.

"मग इतके महिने काय... नळी व्हती व्हय तोंडात?" ती म्हणाली. पुढचं बोलताना तिला हसूही येत होतं, रडूही. "हो रे. हो!"

दुपारी बेटावरच्या एसटीडी बूथमधून तिनं घरी फोन लावला. आधी पोवळ्यांचं सांगितलं, मग श्वास घेऊन हनुमंतचं. पलीकडं नुसती खरखर. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"आबा... ऐकताय ना?"

"ऐकतोय," हौशीरामांचा आवाज जड होता. "तुझी आई म्हईनाभर 'पोरगं चांगलं हाय' हेच ऐकवतीय मला." मग ते खाकरले. "राघूला निरोप धाडतो. म्हणावं, यंदा मेंढरं मागं ठेव अन् फेटा बांधून ये. पावणा म्हणून."