मुर्ध्याहून केलेले फोन

पटो न पटो, हे घडलंय.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे मामा, हरिश्चंद्र. पाचगणीच्या एका शाळेत तीस वर्षं क्लार्क होते. त्यांना गोष्टी रचता येत नाहीत. साधा विनोद सांगायला घेतला तरी शेवट विसरतात.

साल २००३. जानेवारीची एकोणीस तारीख. जागा, भाईंदर पश्चिमेचं मुर्धा गाव. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारी बाराची.

त्या दिवशी मामा आणि मनोरमामामींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मूलबाळ नाही, दोघंच. पाचगणीच्या थंडीत मामींची बोटं आखडायची. कुकरचं झाकणसुद्धा लागायचं नाही. शाळेतल्या निकेत सरांचं मुर्ध्याला घर रिकामं होतं. ते म्हणाले, "चार दिवस उबेला जाऊन या, सर."

अठराला सकाळी पाचगणीहून एसटीत बसले, बोरिवलीला उतरले, संध्याकाळी मुर्ध्यात. शेजारच्या चंपाबाईंनी किल्ली दिली. त्या मासळी सुकवून विकायच्या. मामींचा स्वेटर बघून हसल्या.

"सेटर काढ गो बाय. हितं थंडी न्हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी स्वतः पोळ्या लाटल्या. बोटं मोकळी झाली होती. मामा खूश.

पाचगणीच्या घरी एक मांजर होतं. शेजारच्या आशावहिनी रोज बाराला कुलूप उघडून त्याला दूध घालणार, आणि त्याच वेळी मामा फोन करणार, असं ठरलं होतं.

म्हणून बाराला दोघं नाक्यावरच्या एसटीडी बूथवर आले. मामा आत गेले. मामी समोर, रस्त्यापलीकडे, चंपाबाईंच्या टोपलीतलं सुकट निवडत उभ्या राहिल्या. काचेतून स्पष्ट दिसत होत्या.

रिंग गेली. कुणीतरी उचललं.

"हॅलो, आशावहिनी?"

पलीकडे वारा... मग खोकला...

"आशा कसली? मी बोलतेय. कुठे आहात हो तुम्ही?"

मामींचा आवाज.

मामांनी काचेतून पाहिलं. मामी रस्त्यापलीकडे चंपाबाईंशी हसून बोलत होत्या. तोंड वेगळंच हलत होतं.

"कोण बोलतंय?" मामांनी विचारलं.

"अहो, असं काय करता? स्टँडवर मला बाकावर बसवलंत, पाण्याची बाटली आणायला गेलात, ते आलाच नाहीत. गाडी सुटली. मी चालत घरी आले. तर आशा माझ्याकडे बघतसुद्धा नाही..."

मामांना आदल्या सकाळचा पाचगणीचा स्टँड आठवला.

बाटली घेऊन ते परत आले, तेव्हा बाक रिकामा होता. मामी आधीच गाडीत चढल्या होत्या. खिडकीशी, डोक्यावरून शाल घेऊन. मामांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. का वाटावं?

त्यांनी मग एकच विचारलं. लग्नानंतर दीड वर्षानं त्यांना मुलगी झाली होती. दोन दिवसच जगली. तिचं नाव दोघांनी ठरवलं होतं, पण कुणालाही सांगितलं नव्हतं.

"आपल्या पोरीचं नाव काय ठेवणार होतो?"

पलीकडे रडू फुटलं.



"संचिता. फोनवर का विचारता हो असलं?"

मामांनी फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, "अंकल, तबियत ठीक नही क्या?" मामा रस्ता ओलांडून गेले आणि चंपाबाईंच्या देखत मामींना तोच प्रश्न विचारला.

मामींच्या हातातलं सुकट खाली पडलं. डोळे भरले.

"संचिता. आज का आठवण काढलीत?"

तोच सूर. तेच डोळे.

मामा मला म्हणाले होते, "अरे, एकीचं जरी चुकलं असतं ना, तर मला काहीतरी करता आलं असतं."

संध्याकाळी त्यांनी आशावहिनींच्या घरी फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी बाराला तुमच्याच घरात होते की. फोन वाजलाच नाही, भाऊजी. मांजर मात्र उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही."

चार दिवसांचे नऊ दिवस झाले. मामांनी रजा वाढवून घेतली. मामींना सांगितलं, "हवा मानवतेय तुला." ते खरंही होतं. मामी मिठागरांच्या बांधावरून फिरायच्या, चंपाबाईंकडून कालवण शिकायच्या. गालावर रंग आला होता.

आणि रोज बाराला मामा एकटेच बूथवर जायचे.

रोज तो आवाज थोडा बारीक व्हायचा...

"चूल पेटत नाही. सगळी पांघरुणं घेतली, ऊबच येत नाही."

"तुमच्याबरोबर कोण आहे हो तिथे? हसल्याचा आवाज येतो."

"तिला इकडे आणू नका. ती घरात आली की मी कुठे जाऊ?"

मामा ऐकून घ्यायचे. जेवलीस का, एवढंच विचारायचे. दुसरं काय विचारणार? कुणाला सांगणार? बरोबरच्या बाईत काडीचाही फरक नव्हता. रात्री झोपेत ती त्यांचा हात धरायची. तो हात सोडवून घ्यायचा, तर कशाच्या आधारावर?

रजा संपली. नवव्या दिवशी मामांनी शेवटचा फोन केला.

"उद्या येतोय."

पलीकडे फक्त श्वास... मग अगदी हळू...

"एकटेच ना?"

मामांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचगणीला पोहोचले. मामांनी कुलूप काढलं. घर बर्फासारखं गार. घरातली सगळी पांघरुणं फोनजवळ जमिनीवर, मधे एक खळगा. कुणीतरी अंगाची जुडी करून बसावं तसा.

रिसीव्हर खाली लोंबकळत होता.

मामांनी तो कानाला लावला. आत काहीतरी होतं... फार लांबून... "अहो..."

मागून मामी आल्या. मामांच्या हातातून रिसीव्हर अलगद घेतला आणि जागेवर ठेवला.

"राँग नंबर असेल," त्या म्हणाल्या.

फोन वाजलेला नव्हता. मामांनी काही सांगितलेलं नव्हतं.

मामींनी पांघरुणं उचलली, झटकली, घड्या घातल्या. मग चहा टाकला. त्या घरात तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मामी धडधाकट आहेत. मामांची पथ्यं सांभाळतात, मी गेलो की आग्रहानं वाढतात. मी त्यांच्या पाया पडतो. पडताना नजर वर करत नाही.

मामांना मी एकदाच विचारलं, मामी बाहेर गेल्या असताना. "मामा, तुम्हाला काय वाटतं? खरी कोण?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"ते मला माहीत नाही रे," म्हणाले. "पण तिनं एवढंच विचारलं होतं, एकटेच ना म्हणून. आणि मी हो सुद्धा म्हणालो नाही, नाही सुद्धा म्हणालो नाही. नुसता फोन ठेवला."