एकशे त्रेचाळीस नंबरची उंची

तनुजाला खोटा आकडा वासावरून कळतो, असं ऑफिसात सगळे गमतीनं म्हणत. गंमत म्हणजे ते खरंच होतं. जो कार्यकर्ता घरोघर न जाता झाडाखाली बसून फॉर्म भरतो, त्याच्या आकड्यांच्या शेवटी शून्य आणि पाच फार येतात. त्याची सगळी पोरं एकसारखी वाढतात आणि दुष्काळातही कुणाचं वजन उतरत नाही. असे फॉर्म तिने सात वर्षांत ढिगानं पकडले होते आणि भरणाऱ्यांची चांगली हजेरीही घेतली होती.

अभ्यास मोठा चिकाटीचा. सिल्लोड तालुक्यात १९९५ साली जन्मलेली चारशे मुलं निवडली होती आणि दर पाच वर्षांनी त्यांच्या दारात जायचं होतं. उंची, वजन आणि तेच चाळीस प्रश्न: काय शिकलात, काय काम करता, लग्न झालं का, झोप लागते का. माणूस जन्मभर कसा घडत जातो ते बघायचं. गावोगावी त्यांना 'उंचीवाले' म्हणत. आता तिशीची फेरी चालू होती आणि अभ्यास चालवणाऱ्या संस्थेची माणसं सोमवारी फायली तपासायला येणार होती. एक जरी फॉर्म बनावट निघाला तर अभ्यास बंद, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

म्हणून तनुजाने गावांच्या मृत्यूनोंदी मागवून नावं ताडून पाहिली. सहभागी क्रमांक १४३, मल्हारी कचरू. मृत्यू ११ फेब्रुवारी १९९८, वय अडीच वर्षं.

फाईलमध्ये त्यानंतरचे पाच फॉर्म होते.

पाचही कडुबा सरांच्या हातचे. ज्या माणसाने तिला हे काम शिकवलं, त्याच्या हातचे! तिने ते पुन्हा पुन्हा वाचले. पाचव्या वर्षी उंची १०३.७, दहाव्या वर्षी १३१.२, मग पंधराव्यापर्यंत पोरं वाढतात तसा भराभर वाढलेला. दुष्काळाच्या फेरीत वजन साडेतीन किलो उतरलेलं. दुखापतीच्या प्रश्नाला उत्तर होतं, 'उजव्या अंगठ्याला पत्रा लागला, सहा टाके'. शेवटच्या दोन फॉर्मांवर संमतीचा अंगठा त्याचा स्वतःचा होता आणि दोन्ही ठशांत तीच तिरपी चीर होती. कुठेच खोट्याचा वास येत नव्हता. तिला त्याचाच जास्त राग आला.

कडुबा सर शहरात गुलमंडीच्या मागे, कापडाच्या दुकानावरच्या माडीत राहत. त्यांनी चहा पुढे केला तेव्हा तनुजाने आधी त्यांचे अंगठे पाहिले. दोन्ही गुळगुळीत.

"सर, मेलेल्या पोराचे फॉर्म भरलेत तुम्ही?"

"मनाचा एक आकडा लिहिला नाही मी आयुष्यात," सर म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि ते तिला जास्त खटकलं.

"मग उंची कुणाची मोजलीत?"

सरांनी कप खाली ठेवला. "सांगणारा सांगेल ते लिहायचं, वाद घालायचा नाही, हा आपला नियम. मी विचारलं, आईनं सांगितलं. मग उंचीची फळी लावली."

"आणि?"

"मयत एवढंच लिहायचं असेल तर लिही आणि निघून ये, तनुजा. पहिला प्रश्नसुद्धा विचारू नकोस. विचारलंस की लिहावं लागतं."

म्हातारपण, असं म्हणून ती जिना उतरली. सोमवारपूर्वी सोक्षमोक्ष लावायचाच, हे मात्र तिने तिथेच ठरवलं.

शनिवारी सकाळी ती एसटीने सिल्लोडला आणि तिथून जीपने गावात पोचली. उंचीची लाकडी फळी तीन तुकड्यांत, खांद्यावरच्या पिशवीत. रस्त्यावर मका वाळत घातला होता, त्याची पिवळी धूळ चपलांना चिकटली. मल्हारीच्या आईचं, मंजुळाबाईंचं घर गावाच्या शेवटी, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. घरधनी मेंढरं घेऊन महिन्यापूर्वीच जळगावकडे गेलेला. बाई अंगणात शेंगा फोडत होत्या. दारात एका पुरुषाचे बूट होते, कंपनीतले कामगार घालतात तसे जड. बुटांवर मक्याची पिवळी धूळ होती.

"मावशी, मी उंचीवाल्यांकडून आले. मल्हारी वारला ना?"

"व्हय," बाई सरळ म्हणाल्या. "अडीच वर्साचा व्हता. तापानं गेला."

काम संपलं होतं. निवेदन लिहायचं, अंगठा घ्यायचा आणि दुपारची जीप धरायची.

"मग सरांना उत्तरं कुणी दिली?"

"मीच की. सर आले, इचारलं, शाळंत जातो का? कसं म्हनू नाय? तेवडंच कोनी इचारलं त्याला. गावात कोन इचारतंय, ताई? लोक म्हनतात, इसर."

पण तनुजाच्या मनातला प्रश्न जागचा हलेना: उंची कुणाची? फळी रिकामी आहे हे या बाईला आणि सरांनाही एकदा दाखवून द्यायला हवं, असं तिला वाटलं. तिने फॉर्म काढला.

"सहभागी सध्या कुठं राहतो?"

"इथंच."

"काम?"

"वाळूजला कंपनीत. लई उभं ऱ्हावं लागतं. आज सुट्टी हाय त्याला."

"झोप लागते?"

बाई थांबल्या. आतल्या खोलीकडे बघितलं. "कमी लागते म्हनतोय."

तनुजा लिहीत गेली. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळिसावा प्रश्न तिने मोजणीनंतर विचारायचा ठेवला, नेहमीसारखा. मग आत जाऊन तिने भिंतीला फळी उभी केली. उन्हाची तिरीप पायथ्यावर पडली होती. तिथे कोणी नव्हतं. तिने बाईंना जवळ बोलावलं आणि डोक्यावर टेकवायची पट्टी वरून खाली सरकवायला सुरुवात केली.

पट्टी थांबली.

लाकूड फुगलं असेल. तिने दोन्ही हातांनी दाबलं. पट्टी किंचित दबली, केसांवर दबते तेवढी, आणि पुन्हा थांबली.

१६८.४.

नियम दोनदा मोजायचा. तिने पट्टी वर नेली. ती सहज गेली. पुन्हा खाली आणली.

१६८.४.

ती खूप घाबरली होती. पण जे दिसतं ते लिहायचं, एवढंच तिला येत होतं. तिने लिहिलं.

"शेवटचा प्रश्न," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?"

पाचही जुन्या फॉर्मांवर तिथे 'नाही' होतं.

मंजुळाबाई फळीच्या बाजूला कान देऊन उभ्या राहिल्या. मान हलवली. पदर तोंडाला लावला.

"त्यो इचारतोय," त्या म्हणाल्या, "उंचीवाले यायचे बंद झाले, तर मी कुटं जाऊ?"

तनुजाने पिशवीतली मृत्यूची नोंद काढली. घडी घातली. आणखी एक घडी घातली आणि ती मंजुळाबाईंच्या हातात दिली.

"बंद नाही होऊ देणार," ती म्हणाली. ती फळीकडे बघून बोलली.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. फुलंब्री मागे पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, संमतीचा अंगठा घ्यायचा राहूनच गेला. शाईचा पॅड पिशवीत तसाच होता, प्लॅस्टिकच्या नव्या वेष्टनात, न फोडलेला.

तिने फॉर्म काढला. चौकटीत अंगठा होता. मोठा, स्पष्ट, मधोमध तिरपी चीर.

शाई अजून ओली होती. पुसली जाऊ नये म्हणून तनुजाने तो फॉर्म शहर येईपर्यंत मांडीवर उघडाच धरून ठेवला.