धम्मदीपाचं संमतिपत्र

अकरा वर्षांनी रत्नमाला आपल्या भावाच्या दारात उभी होती, आणि भावानं तिला 'आत ये' म्हटलं नाही...

ती आसेगावची आशाताई, गावात घरोघरी लसीकरणाची आठवण करून देणारी आरोग्यसेविका. दुसऱ्या दिवशी शाळेत पाचवीच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची होती. सगळ्या पालकांची संमतिपत्रं आली होती, राहिलं होतं ते एकच... तिच्या सख्ख्या भाचीचं, धम्मदीपाचं.

"तुमी जा," अश्वजित म्हणाला. पाठच्या बहिणीला तो परक्या बाईसारखं 'तुमी' म्हणू लागला होता, आणि तो शब्द तिच्या काळजात रुतत असे. "माह्या एका लेकराचं इंजेक्शन तुमी विसरल्या. आता दुसरीचं कायले आठवलं? मी नेईन तिले मंगरूळले."

"कवा नेशीन, दादा? शाळेनं दोनदा कागद पाठवला."

त्यानं मान फिरवली. रत्नमालाही खाली मान घालून उभी राहिली. सांगण्यासारखं तिच्याजवळ होतं, पण ते तिनं इतकी वर्षं जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

प्रसेनजित, अश्वजितचा थोरला, पाच वर्षांचा असताना घटसर्पानं गेला. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दीड वर्षाच्या वयापासूनचे डोस का चुकले? खरं कारण दोघींनाच ठाऊक होतं. आधीच्या डोसानंतर पोराला ताप भरला होता, आणि त्या धास्तीनं सुजाता, त्याची आई, लसीकरणाचा दिवस आला की त्याला घेऊन धनजला माहेरी निघून जाई. रत्नमालानं किती समजावलं, पण वहिनीनं हात जोडले, दादाले सांगू नका म्हणाली... आणि ती गप्प बसली. त्या दिवशी अश्वजितनं बहिणीकडे पाहिलं, तेव्हा सुजाता भिंतीला टेकून उभी होती, दोन महिन्यांची पोटुशी, डोळ्यांत पाण्याचा टिपूससुद्धा नाही. हिच्यावर आता बोट उगारलं तर ही जगणार नाही, पोटातलंही जगणार नाही, एवढंच रत्नमालाला कळलं. "माह्याच हातून राहून गेलं, दादा," ती म्हणाली होती. त्या एका वाक्यानं तिचं माहेर तुटलं.

आताही ती निमूटपणे परत वळली. तेवढ्यात आतून सुजाता आली, पिठाचे हात तसेच.

"त्याहिले जाऊ देऊ नका," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याहिचा कसूर नव्हता. त्या दर वारी आल्या. मीच लेकराले घेऊन धनजले पळत होती... मले तापाचं भेव वाटे. माह्या भेवानं माहं लेकरू गेलं, अन् बोल त्याहिनं घेतला."

अश्वजित खाटेवर मटकन बसला. बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"काहून सांगतलं नाही, रत्ने?"

"सांगून पोरगं परत आलं असतं का?" रत्नमालाचे डोळे भरून आले. "तुह्या घरात एक जीव वाढून राह्यला होता, दादा. आता मले एक वचन दे. वैनीले काही बोलू नोको. तिनं रोज भोगलं हाय."

त्यानं सुजाताचा पिठानं माखलेला हात धरून तिला जवळ बसवलं आणि तो तिघांच्याही वाटचं रडला... पोरगा गेला तेव्हाही रडला नव्हता इतका. कितीतरी वेळानं त्यानं विचारलं, "कुठी करा लागते सही?"

दुसऱ्या दिवशी शाळेत आईबापासमोर धम्मदीपानं आत्याच्या मांडीवर डोकं खुपसून इंजेक्शन घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, अर्धा तास इथंच बसवा. चौघंही व्हरांड्यात बसले.

"आत्या," पोरीनं दंड चोळत विचारलं, "माहा दादा कसा होता? घरी कोणीच नाही सांगत."

रत्नमालानं भावाकडे पाहिलं. अश्वजितनं घसा खाकरला.

"भल्ता जिद्दी होता," तो म्हणाला. "चप्पल कवाच सरकी नाही घातली त्यानं. उजवी डाव्या पायात... अन् सांगाले गेलं का म्हने, मले अशीच चालते."

सुजाता हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मग तिनंही एक आठवण सांगितली, मग रत्नमालानं. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. नर्सबाई दोनदा येऊन पाहून गेल्या, पण उठलं कुणीच नाही.