निळ्या लेनमधल्या अकरा फेऱ्या

दीक्षाच्या डब्यात गाडी पडली, तेव्हा ती नुकतीच वरणभात कालवत होती.

शंकर नगरातल्या एका चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. रविवारी दुकान दोनला बंद होई. शेवटचं गिऱ्हाईक गेलं, की मागच्या उघड्या जिन्यावर बसून डबा खायचा आणि स्कूटीवरून चौबे कॉलोनीत घरी जायचं, हा तिचा क्रम. त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं होतं. वरच्या मजल्यावर मिक्सर फिरावा तशी घुर्र... घुर्र... चालली होती. मग कोणीतरी “अरे अरे अरे!” असं ओरडलं, खिडकीतून काहीतरी पांढरं उडालं, पत्र्यावर आपटून उसळलं, आणि थेट वरणात.

तळहाताएवढी मोटार. चार चाकं, इवलंसं स्टिअरिंग आणि आत बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर. तो बिचारा गळ्यापर्यंत वरणात बुडालेला.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. एक सडपातळ, सावळा तरुण दोन-दोन पायऱ्या उतरत आला आणि डब्याकडे पाहून जागीच थिजला.

“सॉरी दीदी... वो गाडी...”

“मी तुमची दीदी कधीपासून झाली?”

तो आणखीच गोंधळला. “तुम्ही... मराठी आहे काय?”

“हव. आणि उपाशी पण आहे.”

“मी समोसे आणून देतो. आत्ता आणतो.”

“आधी तुमच्या ड्रायव्हरले बाहेर काढा. बुडून राहिला तो!”

त्याने दोन बोटांनी गाडी उचलली आणि रुमालाने पुसू लागला. त्याच्या बोटांवर चटक्यांचे जुने डाग होते. पण गाडी त्याने कडांनी धरली होती, श्वास रोखून... नवी काच चौकटीत बसवताना दीक्षा धरायची, अगदी तशी. तिने ते पाहिलं, आणि का कोण जाणे, तिचा राग तिथंच विरला.

त्याचं नाव प्रशिक. बीरगांवात राहायचा, उरल्याच्या एका कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचा. मोठ्या, खऱ्या मोटारी. आणि दर रविवारी इथं येऊन या पिटुकल्या मोटारींशी खेळायचा.

समोसे खाता खाता दीक्षा वर गेली. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या हरिदास काकांनी आपल्या दिवाणखान्यात प्लायवुडचा ट्रॅक मांडला होता, वळसे घेत घेत साऱ्या खोलीभर पसरलेला. त्यात चार खाचा होत्या, लाल, निळी, हिरवी, पिवळी अशा चार लेनच्या. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, त्यातून वीज. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसवायची आणि हातातल्या कंट्रोलरचा चाप दाबायचा, की गाडी सुटलीच. जितका चाप दाबाल तितका वेग. वळणावर जास्त दाबला, तर गाडी खाच सोडून उडते.

“उडाली की मग?” दीक्षाने विचारलं.

“मग मार्शल उचलून ठेवतो,” हरिदास काका म्हणाले. “आमच्याइथं एक कायदा आहे, पोरी. आत्ता शर्यत खेळला, तो पुढच्या शर्यतीत वळणावर उभा राहणार. दुसऱ्याच्या गाड्या उचलणार. नुसतं खेळून घरी जायचं नाही!”

“त्यातला खरा उस्ताद हा प्रशिक,” चहा घेऊन आलेल्या अंजनाबाई म्हणाल्या. काकांच्या या खेळापायी त्यांचा सोफा तीन वर्षांपासून शेजाऱ्यांकडे होता. “डोळे बांधले, तरी बरोबर खाचेत ठेवते.”

“पण जिंकत नाही कभी,” सौमित्र हसत म्हणाला. तो क्लबातला सगळ्यात तेज गडी. “प्रशिक भैया मोड आने के पहले ही उंगली उठा लेते हैं.”

प्रशिक कापसाच्या बोळ्याने पांढऱ्या गाडीचा टप पुसत होता. हळदीचा डाग काही निघत नव्हता.

“राहू द्या तो डाग,” दीक्षा म्हणाली. “माझ्या वरणाची निशाणी आहे. आता ही गाडी माझी.”

आणि तिने पहिल्यांदा चाप दाबला तो पुरा दाबला. गाडी सुसाट सुटली, खिडकीजवळच्या वळणावर पोचली आणि पुन्हा उडाली. या वेळी प्रशिकने ती हवेतच झेलली.

पुढच्याच रविवारी काकांनी खिडकीला जाळी बसवली. दीक्षा मात्र दर रविवारी येऊ लागली. ती बेफाम चालवायची आणि खिडकीच्या वळणावर हमखास उडायची. प्रशिकची उभं राहायची पाळी आली, की तो नेमकं तेच वळण निवडायचा. उचल, ठेव, हात बाजूला. एका सेकंदाचं काम. त्या सेकंदात तो एकदा तिच्याकडे बघायचा.

“काहून हसून राहिले?” ती ओरडायची.

“कुठं? मी तर गाडी पाहून राहिलो.”

“गाडी तिकडे गेली, साहेब!”

डिसेंबरातल्या एका शनिवारी तो दुकानात आला. स्वेटर नवा होता, भांग ओला होता.

“डोळे तपासायचे आहे.”

दीक्षाने त्याला खुर्चीत बसवलं. “शेवटची ओळ वाचा.”

“नाही दिसत.”

“तिच्या वरची?”

“धूसर धूसर आहे...”

“असं काय?” दीक्षाने हाताची घडी घातली. “मागच्या रविवारी तर माझ्या गाडीची तार तुटली, केसाएवढी, ती तुम्ही चार हातांवरून पाहिली. खरं सांगा, काय त्रास आहे?”

त्याने मान खाली घातली. समोरच्या फळ्यावरची अक्षरं उगाच चमकत होती.

“सोमवारपासून शनिवारपर्यंत...” एवढं बोलून तो थांबला.

बाहेर एक ऑटो हॉर्न वाजवत गेला.

“काही नाही. बरोबर दिसते मले,” तो म्हणाला आणि उठून गेला. त्या संध्याकाळी दीक्षाने ते अर्धं वाक्य नाना तऱ्हांनी पुरं करून पाहिलं. प्रत्येक तऱ्हा तिला आवडली. पण वाक्य पुरं तिने केलं होतं, त्याने नाही.

फेब्रुवारीत क्लबाची वर्षाची शेवटची शर्यत आली. आठ जणांतून चौघं निवडले गेले. दीक्षा लाल लेनवर, प्रशिक निळ्या, सौमित्र हिरव्या, आणि कॉलेजात शिकणारा चिराग पिवळ्या. काकांनी फळ्यावर लेन आणि नावं खडूने लिहून ठेवली होती.

दीक्षाने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. ती जिन्यावर त्याची वाट पाहत होती. तो आला, तशी म्हणाली, “मालक नागपूरले नवीन दुकान काढून राहिले. सहा महिने तू जाऊन सांभाळ म्हणतात. उद्या हो की नाही, सांगायचं आहे.”

त्याने बाइकची किल्ली खिशात ठेवली. पुन्हा काढली.

“चांगलं आहे नं,” तो म्हणाला.

“काय चांगलं आहे?”

“नागपूर. मोठं शहर आहे.”

“मोठं शहर!” दीक्षाचा आवाज चढला. “बस, एवढंच? सौमित्र बरोबर बोलतो. वळण दोन हात लांब असते, आणि तुमचं बोट वर! गाडी उडाली तर उडाली, काय होते?”

“लागते,” तो हळूच म्हणाला. “उडाली की लागते तिले.”

दीक्षा वर निघून गेली.

वर वेगळीच अडचण होती. खिडकीच्या वळणावर उभा राहणारा पियुष तापाने फणफणला होता. एक माणूस कमी. बाकी सगळे आपापल्या वळणावर उभे होते.

“मी राहतो उभा,” प्रशिक म्हणाला. “निळी लेन रिकामी राहू द्या, काका.” आणि त्याने आपला कंट्रोलर खुंटीला अडकवून टाकला.

पळाले, दीक्षा मनात म्हणाली. शेवटच्या दिवशीसुद्धा माझ्या बाजूला खेळायचं सोडून वळणावर जाऊन उभे राहिले. उद्या नागपूरचं उत्तर द्यायचं. आज या माणसाच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, तर पुढं कशाला आणि कधी निघणार?

काकांनी घंटी वाजवली. चार मिनिटांची शर्यत.

त्या दिवशी ती फार छान चालवत होती. राग आला, की तिचा हात उलट शांत व्हायचा. विसाव्या फेरीला ती सौमित्रच्या बरोबरीने होती आणि गाडी एकदाही उडाली नव्हती. मग तिने नको ते केलं... वर पाहिलं. खिडकीच्या वळणावर प्रशिक उभा होता, आणि तो ट्रॅककडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. एवढ्या उघडपणे, एवढं दुःखी होऊन कोणी तिच्याकडे आजवर पाहिलं नव्हतं. तिचं बोट चापावर तसंच दाबलेलं राहिलं.

गाडी उडाली. त्याने उचलली, ठेवली, हात बाजूला केला. एक सेकंद.

तिने चाप दाबला. गाडी हलेना. पुन्हा दाबला. हिरवी गाडी सूं करत पुढं गेली.

“काका, माझा कंट्रोलर बंद पडला!”

आणि तेवढ्यात तिला दिसलं. पांढरी गाडी, टपावर हळदीचा डाग... निळ्या खाचेत उभी होती. डोळे बांधूनही न चुकणाऱ्या माणसाने तिची गाडी आपल्या लेनमध्ये ठेवली होती. प्रशिकलाही ते त्याच क्षणी कळलं. त्याचा चेहरा उतरला, हात पुढं आला...

“हात नका लावू!” दीक्षा ओरडली.

तिने लाल कंट्रोलर टाकला आणि खुंटीवरचा निळा ओढून घेतला. मुठीला त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती त्याच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती. तिने चाप दाबला. गाडी निघाली. खिडकीच्या वळणाशी आल्यावर तिने बोट थोडंसं उचललं, प्रशिक उचलायचा तसं... आणि मग लगेच दाबलं, तिचं तिचं. गाडी त्याच्या हाताजवळून वळून गेली. पुढच्या फेरीतही. त्याच्या पुढच्याही. शेवटपर्यंत ती उडाली नाही.

घंटी वाजली.

“काका, ये क्या हुआ?” सौमित्र म्हणाला. “गाडी इनकी, लेन उसकी!”

काकांनी चष्मा चढवून प्रत्येक लेनच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे वाचले. “हिरवी बत्तीस. पिवळी सत्तावीस. लाल वीस. आणि निळी... अकरा.” त्यांनी आपली कायद्याची वही उघडली. “ज्या लेनवर फेरी, त्या लेनवाल्याची फेरी. म्हणजे प्रशिक, बापा, तू चापाले हात न लावता अकरा फेऱ्या मारल्या!”

सगळे खो खो हसले. प्रशिक खाली मान घालून उभा होता.

“पण चूक मार्शलची आहे,” काका पुढं म्हणाले. “दीक्षा, तू तक्रार कर. मी त्या अकरा तुझ्यात मिळवतो. तुझा दुसरा नंबर. बोल.”

दुसऱ्या नंबरला छोटा कप होता. दीक्षाने चार महिने त्यावर डोळा ठेवला होता.

“नाही काका,” ती म्हणाली. “त्याच्या फेऱ्या आहेत. राहू द्या त्याच्याच नावावर.”

“त्याच्या?” चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या अंजनाबाई म्हणाल्या. “आता आतापर्यंत तर ‘तुम्ही, तुम्ही’ होतं!”

दीक्षाच्या गालांवर ऊन आल्यासारखं झालं. तिने प्रशिककडे पाहिलं नाही. आता पाहिलं, तर तो पुन्हा चापावरून बोट उचलेल, अशी तिला भीती वाटली.

“काका...” प्रशिक पुढं येत म्हणाला. “लाल-निळी, दोन्ही एकत्र लिहा.”

“कोणाच्या नावावर?”

दीक्षाने निळा कंट्रोलर घट्ट धरला.

“दोघांच्या. एका ओळीत.”

सौमित्रने कर्कश शिटी मारली. “बोल दिया! तीन साल में पहली बार, भैया ने बोल दिया!”

“याची वहीत सोय नाही पण,” काका डोकं खाजवत म्हणाले.

“मग सोय करा नं!” अंजनाबाईंनी ट्रे आपटला. “नुसते कायदे काढून राहिले.”

काकांनी खडू घेतला. दीक्षा आणि प्रशिक, एकतीस.

नंतर दोघं मागच्या जिन्यावर बसले. ऊन उतरलं होतं. मधे न उघडलेला डबा.

“मी उद्या हो म्हणणार आहे,” दीक्षा म्हणाली. “नागपूरले जाणार.”

त्याने मान हलवली. ती त्याच्या बोटांकडे पाहत राहिली.

“जा,” तो म्हणाला. “आणि शनिवारी वापस ये. दर शनिवारी. मी स्टेशनवर येतो घ्यायले.” तो थांबला. “सोमवारपासून शनिवारपर्यंत मी रविवारची वाट पाहतो, दीक्षा. तुह्यासाठी. डब्यात गाडी पडली, त्या दिवसापासून. मले तू... मले तू आवडते.”

“एवढंच होतं? मग त्या दिवशी खुर्चीवरून अर्ध्यातच काहून उठला?”

“वळण होतं नं,” तो म्हणाला.

ती हसली, हसता हसता डोळे भरून आले, आणि तिने डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला. दोघांचे हात एकदमच वरणभातापाशी आले आणि तिथंच थांबले. वर जाळीला चार डोकी चिकटली होती.

“भैया!” सौमित्र ओरडला. “उंगली मत उठाना!”

प्रशिकने वर पाहिलं नाही. त्याने तिचा हात धरला, कडांनी नाही, चांगला पुरा धरला.