लाल राहिलेला डबा

सकाळी सात वाजता तंत्रज्ञाने कोपरापर्यंत हात धुतले आणि उबपेटीचा आकडा पाहिला: सदतीस. आतल्या दोन डब्यांत यकृताच्या जिवंत पेशी होत्या. त्याने टेबलावरच्या बाटलीतला ताजा लाल द्रव दोन्हींत भरून वहीत सही केली. नऊ वाजता नेहमीप्रमाणे एक डबा चाचणीसाठी फोडला. पेशी मेलेल्या होत्या.

"घातपात!" प्राध्यापक ओरडले. "दुसरा शाबूत आहे. तो बाराला जोडू."

तो डबा जोडायचा होता मास्तरांच्या अक्काला. यकृत बंद पडून ती वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. डॉक्टरांनी आधी मास्तरांच्याच यकृताचा तुकडा मागितला होता. सुरीच्या भीतीने मास्तर "बघू" म्हणाले आणि रक्त या पेशींवरून फिरवून शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या आशेवर राहिले. गुप्तहेर भिंगबाईंच्या मागे एरवी वही घेऊन फिरणारे मास्तर आज त्यांचे अशील होते.

अकराला बाई प्रयोगशाळेत पोहोचल्या. मास्तर त्यांच्यामागून आले. ते कोपऱ्यातल्या कॅनवर टेकले.

"उठा, काका! द्रवात घालायचं शुद्ध पाणी आहे ते," तंत्रज्ञ ओरडला. "आठवड्याला एकच कॅन येतो. जुना परवाच संपला, याचं अजून सीलही तोडलेलं नाही."

"पेशी जगल्यात हे कसं कळतं?" बाईंनी विचारलं.

"खातात, बाई. द्रव आंबतो, दोन तासांत लाल रंग पिवळट होतो."

"द्रव तूच केलास?"

"काल मी रजेवर होतो. सरांनी केला."

"गोदामातून आणला, गाळला, बाटलीत भरला," प्राध्यापक म्हणाले. "वीस वर्षांनी केला, पण विसरलो नाही!"

बाईंनी कचऱ्यातली गोदामाची बाटली उचलली. तोंडाशी मीठ सुकलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दहापट तीव्र'. मग त्यांनी उबपेटीत डोकावून पाहिलं. दुसरा डबा लालभडक होता.

"चार तास झाले, सर. यातल्याही जेवल्या नाहीत. दोन्ही डब्यांना एकाच बाटलीतलं मिळालं. त्या दहापट अर्कात नऊ भाग पाणी घालायचं असतं, आणि पाण्याचं सील तर जसंच्या तसं आहे. घातपात नाही. चूक आहे, तुमची."

प्राध्यापकांनी बाटली हातात घेऊन चिठ्ठी वाचली. "मी... मी या पोरालाच दोषी ठरवणार होतो."

"हा जोडला असता तर?" मास्तरांनी विचारलं.

"मेलेल्या पेशींचं विष रक्तात गेलं असतं, काका," तंत्रज्ञ म्हणाला.

"नवा डबा?"

"आठ दिवस."

अक्काकडे दोनच होते.

मास्तरांनी वही बाईंच्या हातात दिली आणि कठडा घट्ट धरून जिना चढले. त्यांनी अक्काचं नाव सांगितल्यावर प्रत्यारोपण विभागातल्या परिचारिकेने मान वर न करता विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

"धाकटा भाऊ," मास्तर म्हणाले आणि रक्ततपासणीसाठी बाही वर सारून तिच्यासमोर बसले.