सहाशे बाराव्या ओळीचा इशारा

तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. खुशाल हसा. आधी मीही हसलोच होतो.

दुपारचे तीन वाजले होते. आमच्या टेक्स्ट एडिटरची, म्हणजे मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती संध्याकाळी लोकांकडे जायची होती. बायकोच्या लॅपटॉपवर ती मी सकाळीच घालून दिली होती, मोठ्या ऐटीत. तिचा पाच वर्षांचा प्रबंध त्यातच होता आणि उद्या तो विद्यापीठात द्यायचा होता. शेवटचं एकदा बघू म्हणून मी कंपायलर, म्हणजे आमचा कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारं साधन, चालवला, तर खाली पिवळी ओळ उमटली: "ओळ ६१२: जतन झालं का, हे तपासलेलं नाही."

कोडची फाइल उघडली. त्यात ओळी होत्या सहाशे अकरा.

फालतू इशारा, म्हटलं. पुन्हा चालवला, पुन्हा तीच ओळ. मशीन बंद करून चालू केलं, तरी तीच. शेवटी शेजारच्या टेस्टर बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं.

"कंपायलरचे इशारे बंद आहेत ना आपले?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हीच तर केले होते..."

हा एडिटर मुळात लिहिला आमच्या वरिष्ठांनी, मास्तरांनी. "आधी वाच, मग घरी जा," एवढंच बोलायचे, आणि एकही इशारा शिल्लक ठेवू द्यायचे नाहीत. ते वारले, आणि पुढच्याच आठवड्यात मी सगळे इशारे बंद करून टाकले. वर्षभर पडद्यावर एकही आला नव्हता. येणं शक्यच नव्हतं.

खोलीत फक्त पंख्याची घरघर. आणि एक वास...

"बाई, तुम्ही बाम लावलाय?"

"नाही हो... मास्तर लावायचे."

मी मुकाट्यानं वाचायला बसलो. जतन करण्याचा भाग मीच घाईघाईत उरकलेला. डिस्कवर जागा नसली की आमचा एडिटर जुना मजकूर पुसायचा, नवा लिहायचा नाही, आणि वर 'जतन झाले' सांगून मोकळा व्हायचा. बायकोचा लॅपटॉप लेकीच्या फोटोंनी काठोकाठ भरलेला. तिला फोन लावला.

"जतन... जतन केलंस का गं?"

"नाही केलं. सकाळपासून खाली ती पिवळी ओळ येतेय ना, तपासलेलं नाही म्हणून. मी सगळं आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं. लिहिलेलं वाचावं रे माणसानं."

तिच्या लॅपटॉपवर कंपायलर नाही. कधीच नव्हता.

चूक दुरुस्त केली, तशी ती ओळ गेली. सुटलो एकदाचा म्हणून बॅग उचलली, तर पडद्यावर नवी: "ओळ ६१३: इशारे अजून बंदच आहेत."

बॅग खाली ठेवली. इशारे चालू केले. अकराशे त्रेचाळीस निघाले. यादी छापून घेतली, टेबलावर ठेवली आणि तेव्हापासून रोज थोडे थोडे वाचून निपटतोय. घरी जायला उशीर होतो.

परवा सकाळी आलो, तर दुरुस्त केलेल्या प्रत्येक इशाऱ्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण केलेली होती. बाईंनी नाही केली, विचारलं मी त्यांना. फक्त एका इशाऱ्यापुढे खूण नव्हती.

तो मी न वाचताच खोडला होता.