चार तासांची हमी

ऐन ऑनलाइन बैठकीत घरचं इंटरनेट गेलं आणि पडद्यावरचे दोन परदेशी व्यापारी दुभाषी मुलीविना एकमेकांची तोंडं बघत बसले. तिने इंटरनेट कंपनीला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. "करारात लिहिलंय, चार तासांत दुरुस्ती!"

तासाभरातच खांद्यावर शिडी घेतलेला एक तरुण दारात हजर. केस पावसाने निथळत होते.

"इतक्या लवकर?"

"मघाशी ज्याला झापलंत ना... तो मीच." तो हसला, आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

मग काय, तिचं इंटरनेट वरचेवर जाऊ लागलं. म्हणजे... तीच भिंतीवरच्या डबीतली वायर हळूच उपसायची. तो यायचा, वायर खोचायचा आणि निवांत कॉफी प्यायचा. आतून तिची आत्या मुद्दाम खोकायची. "काय बाई, या वायरीला कुणाची दृष्ट लागलीय!"

एके दिवशी मात्र तो गप्प गप्प होता.

"माझी बदली झालीय. या भागात आम्ही दिलेली हमी पाळली जात नाही म्हणे."

तिला वाटलं, हे आपणच करून बसलो! खरं सांगितलं, तर हा पुन्हा तोंड बघायचा नाही. आणि नाही सांगितलं तर...

"ऐका ना — वायर मीच काढत होते. पहिली वेळ सोडून प्रत्येक वेळी. तुम्ही यावं म्हणून. मी तुमच्या साहेबांना सांगते सगळं."

तो कपात बघत राहिला.

"मला माहीत होतं."

"आँ?"

"रस्त्यावरची लाईन तुटली की घरातली वायर निघाली, ते आम्हाला ऑफिसात बसून कळतं. आणि घरातला बिघाड हमीत धरतच नाहीत. बदली झाली ती टेकडीकडच्या जुन्या लाईनींमुळे. तुमचा त्यात काही दोष नाही."

"मग फोनवरच सांगायचं ना, वायर खोचा म्हणून!"

"सांगितलं असतं, तर... इथे यायला मिळालं असतं का?"

आत आत्या खोकायचीच विसरली.

"नव्या गावाहून इथे यायला," तिने हळूच विचारलं, "किती वेळ लागतो?"

त्याने मनात हिशेब केला, आणि त्याचा चेहरा उजळला. "चार तास."

"मग हमीत बसतंय की!"

"पण वायर काढू नकोस हं," अहो-जाहो विसरून तो म्हणाला. "नुसतं 'ये' म्हण."